मावशींची वार्तापत्रं

तळघरातून ती खोकी वर आणायला माझ्या नवऱ्याला चार खेपा कराव्या लागल्या. खोकी सफरचंदांची होती, पण आत कागद होते. वीस-बावीस वर्षांची सायक्लोस्टाइल केलेली वार्तापत्रं, कोपऱ्यात पिना मारलेली. तळघरातल्या ओलीनं पिनांना गंज चढला होता आणि प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात तांबूस डाग पडला होता. नवऱ्यानं शेवटचं खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ठेवलं, हात झटकले आणि "लॅबला उशीर होतोय," म्हणून तो निघून गेला. मी आणि आमच्या घरमालकीण बाई, आम्ही दोघी खोक्यांकडे पाहत उभ्या राहिलो. म्हणजे मी पाहत होते. त्यांना ती धड दिसत नव्हती.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं ते आमचं दुसरं वर्ष. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. नवरा इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती. नागपूरला मी ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून एका कॉलेजच्या लायब्ररीत तीन वर्षं काम केलं होतं. इथे नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत मला करण्यासारखं काही नसायचं. या बाईंच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. बाई सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, घरात एकट्या. त्यांच्या डोळ्यांना असा आजार झाला होता की कडेचं दिसायचं आणि नेमकं मधलं दिसायचं नाही. "समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही," असं त्या सांगायच्या. वाचणं तर पूर्ण थांबलं होतं.

त्या क्वेकर होत्या. हा ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ. त्यांच्यात पाद्री नसतो, वेदी नसते, प्रार्थना म्हणत नाहीत. रविवारी सगळे एका साध्या खोलीत गोल बसतात आणि तासभर गप्प राहतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उभा राहतो, दोन वाक्यं बोलतो आणि खाली बसतो. युद्ध त्यांना वर्ज्य. कुठलंही युद्ध, कुठल्याही कारणासाठी. हे सगळं मला त्या घरात राहायला लागल्यावर, रविवारी त्यांना सोबत म्हणून जाताना कळलं. मराठी मंडळातल्या एका डॉक्टर काकूंनी मला काळजीनं विचारलंही होतं, "अगं, त्या चर्चवाल्यांच्यात जाऊन बसतेस म्हणे? कन्व्हर्ट वगैरे करायचे हं." मी त्यांना म्हटलं, "काकू, ते बोलतच नाहीत, कन्व्हर्ट कधी करणार?"

त्या मंडळींत लहानमोठे सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. मला ते जमेना. बाईंच्या ते लक्षात आलं. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात?" मी दोन-तीन शब्द सांगितले आणि त्यांचे अर्थही. त्यांनी 'मावशी' निवडला. आईची बहीण हे त्यांना आवडलं. त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी झाल्या. स्वतः तो शब्द उच्चारताना मात्र त्या 'माउशी' म्हणायच्या.

ती वार्तापत्रं त्यांच्याच हातची होती. इथल्या क्वेकर सभेचं मासिक वार्तापत्र त्यांनी बावीस वर्षं चालवलं होतं. मजकूर गोळा करायचा, स्टेन्सिल टाइप करायची, सायक्लोस्टाइल काढायची, घड्या घालून पत्ते लिहायचे, सगळं त्याच करत. आता विद्यापीठाच्या लायब्ररीनं ते अंक जपून ठेवायची तयारी दाखवली होती. अट एवढीच की ते क्रमानं लावून, सूची करून द्यायचे. मावशींना ते काम दिसेना आणि मला कामाशिवाय करमेना. अशी आमची जोडी जमली.

रोज जेवण झालं की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. मी अंक वाचून दाखवायचे, त्या ऐकायच्या, मध्येच कोण कुणाचं कोण ते सांगायच्या आणि मी कार्डांवर नोंदी करायचे. प्रत्येक माणसाचं एक कार्ड. पहिल्या आठवड्यात माझा तारखांचाच गोंधळ उडाला. जुने क्वेकर महिन्यांना आणि वारांना नावं देत नाहीत, आकडे देतात. रविवार म्हणजे पहिला दिवस, एप्रिल म्हणजे चौथा महिना. "देवांच्या नावाचे वार नकोत म्हणून," मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे तर सोमवार, मंगळवार सगळे देवांचे. "मग तुमच्या देवांना आठवडाभर काम असतं," असं म्हणून त्या हसल्या.

वार्तापत्रात काय असायचं? कुणाकडे मांजरीची पिल्लं झाली आहेत, हवी असल्यास न्यावीत. म्हाताऱ्या अमुक बाईंना रविवारी गाडीतून आणायला कुणी आहे का. सभेच्या घराचं छत गळतंय. अमक्याला मुलगी झाली. तमक्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. मध्येच एखादं निवेदन, बाँबच्या चाचण्यांविरुद्ध किंवा काळ्या कुटुंबांना घरं नाकारणाऱ्यांविरुद्ध, आणि लगेच खाली सामुदायिक जेवणाला कुणी काय आणायचं त्याची यादी. वाचता वाचता त्या माणसांशी माझी ओळख होत गेली. काहीजण रविवारी प्रत्यक्ष भेटायचे तेव्हा मला ओशाळल्यासारखं व्हायचं. समोरच्या भारदस्त प्रोफेसरांनी नऊ वर्षांचे असताना सभा चालू असताना खिशातून बेडूक बाहेर काढला होता, हे मला ठाऊक असायचं.

जानेवारीत माझे वडील गेले. आमच्या खोल्यांत फोन नव्हता, खालचा मावशींचाच फोन आम्ही वापरायचो. सकाळी भावाचा फोन आला. लाइन खराब होती, तो ओरडून बोलत होता. "अण्णा परवा गेले. हार्ट. सगळं आटोपलंय. तू धावपळ करून येऊ नकोस, येऊन काय करणार?" मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मावशींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण माझा आवाज त्यांनी ऐकला. त्यांनी मला टेबलाशी बसवलं, माझा हात हातात घेतला आणि शेजारी बसून राहिल्या. काय झालं असं विचारलंही नाही. गॅसवरचं सूप आटलं, करपल्याचा वास सुटला, तरी त्या उठल्या नाहीत. बऱ्याच वेळानं मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी इथेच आहे." बस, एवढंच.

दहा-बारा दिवसांनी अण्णांचं एरोग्राम, ते हवाई टपालाचं घडीचं पत्र, आलं. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी ते पोस्टात टाकलं होतं. अण्णा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, अक्षर सुरेख. दारातल्या शेवग्याला शेंगा धरल्या आहेत, शेजारच्यांनी भिंत रंगवली ती अगदी भडक, तिकडे थंडी फार म्हणतात तेव्हा कान झाकत जा. शेवटी समासात आडवं लिहिलं होतं: 'उत्तराची घाई नाही, सवडीनं लिही.' मी ते पत्र कितीदा वाचलं सांगता येत नाही. भावाच्या फोननं अण्णा गेले होते, त्या पत्रानं ते थोडे परत आले. निदान मला तसं वाटलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं मी जे केलं ते या अनुभवाच्या जोरावर केलं.

फेब्रुवारीत आम्ही तिसऱ्या खोक्याशी पोचलो. माझ्याकडच्या कार्डांत एक कार्ड मावशींच्या मुलाचं होतं. त्यांना मुलगा होता आणि तो व्हिएतनामच्या युद्धात गेला एवढंच मला माहीत होतं. दिवाणखान्यात त्याचा फोटो होता, लांबट चेहऱ्याचा, हसताना एक डोळा बारीक झालेला. मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्याच्या कार्डावर नोंदी भरपूर होत्या. जन्म. सहाव्या वर्षी मुलांच्या नाटकात मेंढी. अकराव्या वर्षी म्हाताऱ्यांच्या अंगणातली पानं गोळा करणाऱ्या मुलांत. सोळाव्या वर्षी मित्राबरोबर नदीत होडी उलटली, दोघे सुखरूप, होडी हरवली. या नोंदी मावशीच टाइप करत असल्यामुळे थोडक्यात असायच्या, स्वतःच्या मुलाला जास्त ओळी द्यायच्या नाहीत अशी त्यांची शिस्त. पण तो असायचा.

मग युद्धाचे अंक सुरू झाले. सक्तीची लष्करभरती होती. सभेतली बरीच मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. काहींनी लढायला नकार देऊन त्याऐवजी दवाखान्यात सेवा पत्करली. दोघांनी तीही नाकारली आणि ते तुरुंगात गेले. त्या काळातल्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत एक यादी असायची: 'आपली दूर असलेली मुलं. यांना पत्रं लिहा.' नाव आणि पत्ता. दवाखान्यांचे पत्ते, तुरुंगांचे पत्ते, कैद्यांच्या नंबरासकट.

मी चार अंकांतली यादी वाचून दाखवली. मावशींच्या मुलाचं नाव त्यात नव्हतं. पाचवा अंक हातात घेतला तर त्याचं टायपिंग वेगळं होतं, दुसऱ्याच कुणाच्या मशीनवरचं. पहिल्याच पानावर त्याच्या मृत्यूची बातमी होती. मी वाचायची थांबले.

"वाच," मावशी म्हणाल्या.

मी वाचलं. ते सहा ओळींत संपलं.

अंक मिटून मी विचारलं, "मावशी, तो लढायला गेला होता?"

"हो. त्याला नकार देता आला असता. क्वेकर आईचा मुलगा, भरतीच्या बोर्डानं लगेच मान्य केलं असतं. तो म्हणाला, मी नाही गेलो तर माझ्या जागी पेट्रोल पंपावरचा कुणीतरी जाईल. त्याला क्वेकर आई नाही, म्हणून त्यानं मरायचं का?" त्या टेबलावरून हात फिरवत होत्या, सांडलेलं काही पुसावं तसा. "मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, तुझा निर्णय तुझा. मी आशीर्वाद देऊ शकत नाही."

"आणि ही यादी?"

"यादीबद्दल सभेत बोलणं झालं. काहीजण म्हणाले, दूर गेलेलं प्रत्येक मूल आपलंच, त्याचंही नाव हवं. काहीजण म्हणाले, ही यादी युद्धाला नाही म्हणणाऱ्यांसाठी आहे. आमच्यात मतदान नसतं, तुला माहीत आहे. सगळ्यांचं एक होईपर्यंत थांबतात. एक झालं नाही. शेवटी म्हणाले, संपादकाला जे योग्य वाटेल ते तिनं करावं." त्यांचा टेबलावरचा हात थांबला. "स्टेन्सिल मशीनमध्ये होती. मी त्याचं नाव टाकलं नाही. चार महिने. मला वाटलं, टाकलं तर लोक म्हणतील, स्वतःचा मुलगा म्हणून तत्त्व सोडलं. पाचव्या अंकात टाकणार होते. खरंच टाकणार होते, की नंतर मी माझी तशी समजूत करून घेतली, ते आता मला सांगता येत नाही."

"त्याला कळलं होतं का?"

"त्याला अंक पाठवत होतेच मी. सगळ्यांना जायचा तसा त्यालाही. पण तो कशाला शेवटचं पान बघतोय? तिथे त्यांना वेळ कुठे. त्याच्या पत्रांत कधी उल्लेख आला नाही." मग जरा जोर देऊन त्या म्हणाल्या, "त्याच्या लक्षात आलं नसणार."

त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही.

दोन आठवड्यांनी शेवटच्या खोक्यातला एक अंक मी वाचत होते. टायपिंग पुन्हा मावशींचं होतं, मुलगा गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांनी काम परत हाती घेतलं होतं. त्यात तुरुंगातून सुटून आलेल्या मुलाचं चार ओळींचं आभाराचं पत्र होतं. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार, असं म्हणून त्यानं पुढं लिहिलं होतं की एक पत्र सगळ्यांत लांबून आलं आणि तेच त्यानं सर्वांत जास्त वेळा वाचलं.

"सगळ्यांत लांबून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

"जपानमध्ये आमचे काही लोक होते," मावशी म्हणाल्या. "त्यांच्यापैकी कुणी असेल. पुढचं वाच."

पण ते माझ्या डोक्यातून जाईना. ते आभाराचं पत्र लिहिणारा मुलगा आता पस्तिशी-छत्तिशीचा सुतार होता आणि मी त्यांना चांगली ओळखत होते. दर शनिवारी ते मावशींकडे यायचे. पायऱ्यांवरचं बर्फ काढायचे, खिडकीची फट बुजवायचे, एक कप कॉफी पिऊन जायचे. होडी उलटली तेव्हा होडीतला दुसरा मुलगा तेच होते. त्यांच्या कार्डावर आणि मावशींच्या मुलाच्या कार्डावर तीच नोंद माझ्या हातानं झाली होती.

शनिवारी ते मागच्या दाराशी फावडं झटकत होते. मी कोट घालून बाहेर गेले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला तुरुंगात व्हिएतनामहून पत्र आलं होतं का?"

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वार्तापत्रानं."

त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "माझा पत्ता त्याला त्या यादीतूनच मिळाला होता. पत्र माझ्याकडे आहे."

"मावशींना माहीत आहे?"

"नाही. त्यानं लिहिलंय, आईला सांगू नकोस."

मी त्यांना अण्णांच्या पत्राची गोष्ट सांगितली. म्हटलं, गेलेल्या माणसाचं पत्र हातात येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मावशींना आता दिसत नाही, त्या थकल्या आहेत, त्यांच्या मुलाचा आवाज त्यांना पुन्हा एकदा ऐकू येईल. त्यांचा हक्क आहे तो. मी खूप बोलले. लायब्ररीतला माणूस हरवलेलं पुस्तक सापडलं की जसा हुरळतो, तसं काहीसं मला झालं होतं, हे आज मान्य करायला हवं. ते ऐकत राहिले. "तुम्ही आधी वाचा," शेवटी ते म्हणाले, "मग ठरवा." पुढच्या शनिवारी त्यांनी पत्र आणून दिलं. मी ते वाचलं. आणि वाचूनही मी ठरवलं की मावशींना वाचून दाखवायचं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.

त्या दुपारी सुतार आमच्याबरोबर टेबलाशी बसले. मावशींना मी सांगितलं की पत्र कुणाचं आहे आणि कुणाला लिहिलेलं आहे. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. "वाच," त्या म्हणाल्या.

पत्र दोन पानांचं होतं, वर तुरुंगाचा शिक्का. त्यानं लिहिलं होतं की इथे बूट कधी सुकतच नाहीत. तुकडीतल्या एकाला लिहितावाचता येत नाही, त्याची घरची पत्रं मी लिहितो, त्यामुळे आता मला त्याच्या बायकोबद्दल नको इतकं माहीत झालंय. तुला तिथे खायला काय देतात? आईचं वार्तापत्र महिनाभर उशिरा येतं. मी सगळं वाचतो, मांजरीच्या पिल्लांपासून. मग पुढचा परिच्छेद आला. तो मी जरा हळू वाचला.

'शेवटच्या पानावर तुझं नाव पहिलं आहे. माझं नाही. पहिल्या वेळी वाटलं, राहून गेलं असेल. दुसऱ्या वेळी कळलं. आईला याबद्दल काही लिहू नकोस. तिला प्रत्येक अक्षर स्वतःच टाइप करावं लागतं, त्या यादीशी येऊन ती किती वेळ थांबत असेल ते मला इथून दिसतं. फक्त एवढंच वाटतं, की तुला पत्रं येतात आणि मला तिच्याशिवाय कुणाचं येत नाही. मी चूक आहे की तू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू ठरवलंस तर कळव.'

बाकी दोन-तीन ओळी होत्या, सुटलास की कुठे जायचं वगैरे. त्या मी वाचल्या. मग कागद खाली ठेवला.

मावशी रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या लक्षात आलं होतं."

मी कागद घडी करून उचलला.

"सतरा वर्षं मी एवढंच म्हणत आले," त्या म्हणाल्या. "लक्षात आलं नसेल. लक्षात आलं नसेल." मग सुतारांच्या दिशेनं मान वळवून त्या म्हणाल्या, "तुझी ती ओळ मीच टाइप केली होती. सगळ्यांत लांबून आलेलं पत्र. मी तुला विचारलं नाही. तुला कळलं होतं ना, की मी विचारत नाहीये?"

"हो," ते म्हणाले.

मावशी उठल्या, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी पत्र हातात घेऊन बसून राहिले. अण्णांच्या पत्रात त्यांनी मला कान झाकायला सांगितलं होतं. या पत्रात काय आहे हे मी वाचलं होतं आणि तरी मला ते त्याच जातीचं वाटलं होतं.

पुढे तीन आठवडे मावशींनी मला खाली बोलावलं नाही. जिन्यात भेटल्या तर हसायच्या, थंडीबद्दल बोलायच्या. मी उरलेली कार्डं वर आमच्या खोलीत बसून पुरी केली. एकदा मी धीर करून म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी ते वाचायला नको होतं."

त्या म्हणाल्या, "मी वाच म्हटलं म्हणून तू वाचलंस." त्यात माफी होती की नव्हती, ते मला कळलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी खालून हाक मारली. टेबलावर पत्र होतं, सुतारांनी ते मावशींकडेच ठेवलं होतं. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं. या वेळी बुटांच्या ओळीशी त्यांनी मला थांबवलं. त्याचे पाय लहानपणापासून फार घामेजायचे, त्या म्हणाल्या, आणि मग त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी त्या पत्र वाचायला सांगायच्या. कधी पूर्ण, कधी फक्त त्या लिहितावाचता न येणाऱ्या मुलाची ओळ. यादीच्या परिच्छेदाशी आले की मी आवाज खाली आणायचे आणि त्या म्हणायच्या, "नीट वाच." मला ते पाठ झालं.

सूची पूर्ण झाली. विद्यापीठाचे लोक येऊन अंक घेऊन गेले, नवीन राखाडी खोक्यांत घालून. नवऱ्याचं पीएच.डी. झालं आणि त्याला तासाभरावरच्या ट्रॉय गावी एका मोटार कंपनीत नोकरी मिळाली. आम्ही तिकडे राहायला गेलो. तिथे आमची मुलगी झाली. मी मावशींना फोन करायचे, दोनदा भेटून आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या वृद्धाश्रमात होत्या आणि पत्र वाचायचं काम सुतार करत होते. त्या मला म्हणाल्या, "तो तुझ्याइतकं चांगलं वाचत नाही. घाई करतो."

पुढच्या हिवाळ्यात सुतारांचा फोन आला. मावशी झोपेतच गेल्या होत्या.

मुलीला शेजारच्या मराठी बाईंकडे ठेवून मी एकटीच ड्राइव्ह करत गेले. सभेच्या त्या खोलीत साठ-सत्तर माणसं बसली होती. तासभर शांतता, मध्ये मध्ये कुणी उभं राहून मावशींबद्दल बोलत होतं. त्यांच्या वार्तापत्राबद्दल बोलले, त्यांच्या सुपाबद्दल बोलले, त्या किती ठाम होत्या त्याबद्दल बोलले. मुलाबद्दल कुणी बोललं नाही. मला वाटत होतं की आता कुणीतरी बोलेल. मग वाटलं, मीच उभं राहावं. त्याच्याबद्दल मला इथल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त माहीत होतं, पत्र तर शब्दन् शब्द पाठ होतं. मी उठले नाही. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, म्हणजे सभा संपली.

बाहेर पार्किंगमध्ये सुतार माझ्या गाडीपर्यंत आले. मी विचारलं, "पत्र कुठे आहे?"

"तिच्याबरोबर दिलं. तिनं तसं सांगून ठेवलं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही ते सतरा वर्षं सांभाळून ठेवलंत आणि मी एका हिवाळ्यात बाहेर काढलं. मी आले नसते तर त्या त्यांच्या समजुतीत सुखानं गेल्या असत्या."

"समजुतीत होती," ते म्हणाले. "सुखात होती असं मी म्हणणार नाही. दर शनिवारी मी तिच्यासमोर बसून कॉफी प्यायचो आणि आम्ही दोघं त्याचं नावसुद्धा काढायचो नाही. शेवटची दोन वर्षं ती त्याच्याबद्दल बोलत होती. होडी कशी उलटली ते मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण ती रडायचीही फार. मी वाचत असायचो आणि ती रडत असायची. तुम्ही चांगलं केलंत की वाईट, हे मला विचारू नका."

माझ्या काचेवर बर्फ धरलं होतं आणि ते खरवडायची पट्टी घरी राहिली होती. त्यांनी आपल्या ट्रकमधली पट्टी आणली आणि पुढची काच, मागची काच, बाजूचे आरसे सगळं खरवडून दिलं. मी गाडीत बसून काचेतून त्यांचा कोट तुकड्या-तुकड्यानं दिसू लागताना पाहत होते. मग त्यांनी छतावर दोनदा थाप मारली, मी निघाले आणि अंधार पडायच्या आत ट्रॉयला पोचले. मुलगी शेजारच्या बाईंच्या कडेवर होती, मला बघून तिनं तोंड फिरवलं. दिवसभर मी नव्हते म्हणून ती रागावली होती.